दहशतवाद जोखीम विमा पूल, भारतीय

दहशतवादी कृत्यांमुळे होणाऱ्या मालमत्तेच्या नुकसानीचा भार देशातील सर्वसाधारण विमा कंपन्यांनी वाटून घ्यावा, यासाठी एप्रिल २००२ मध्ये उभारलेली सामाईक व्यवस्था. तिचा कारभार मुंबईत चर्चगेटला मुख्यालय असलेली ‘जीआयसी री’ ही पुनर्विमा (विमा कंपन्यांचा विमा) करणारी कंपनी पाहते.

११ सप्टेंबर २००१ च्या न्यूयॉर्क हल्ल्यानंतर परदेशी पुनर्विमा कंपन्यांनी ही जोखीम घेणे जवळजवळ थांबवले. एकट्या भारतीय कंपनीला ती पेलणारी नव्हती. आयरिश रिपब्लिकन आर्मीच्या (आयआरए) बॉम्बस्फोटांनंतर ब्रिटनने १९९३ मध्ये ‘पूल री’ स्थापन केली होती. भारतानेही तीच वाट धरली. ग्राहक नेहमीच्या कंपनीकडूनच संरक्षण घेतो, हप्ता पूलकडे जातो आणि दावा आला की सभासद कंपन्या आपापल्या हिश्शाप्रमाणे तो भागवतात. एका ठिकाणासाठी सुरुवातीला २०० कोटी रुपयांची असलेली मर्यादा पुढे २,००० कोटींपर्यंत गेली.

पूलची खरी कसोटी लागली ती २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्यात. ताजमहाल हॉटेलच्या जुन्या इमारतीत दहशतवाद्यांनी आगी लावल्या. शिवाय तीन दिवसांच्या कारवाईतही मोडतोड झाली. अशा वेळी हे संरक्षण फार मोलाचे ठरते, कारण दहशतवाद्यांना आवरण्यासाठी सुरक्षा दलांनी केलेल्या कारवाईतील नुकसानही त्यात धरलेले असते. ताजची ही इमारत ऑगस्ट २०१० मध्ये पुन्हा खुली झाली. एवढ्या काळातला बुडालेला नफा मालमत्तेच्या विम्यात येत नाही. त्यासाठी वेगळे विमापत्र लागते. युद्ध आणि अणुस्फोट तर संरक्षणाबाहेरच राहतात.

दंगल, संप आणि हेतुपुरस्सर नासधूस हा वेगळा भाग. तो पूलमध्ये नसून आगीच्या विम्यात येतो. दगडफेकीत काच फुटली तर भरपाई मिळते, पण बंदमुळे शटर खाली राहिले आणि दिवसाचा गल्ला बुडाला तर नाही. हातावर पोट असलेल्या दुकानदाराला हाच फटका वारंवार बसतो आणि त्याच्यासाठी या व्यवस्थेत जागा नाही, ही तिची मोठी उणीव आहे. घरांसाठी एप्रिल २०२१ पासून लागू झालेल्या ‘भारत गृह रक्षा’ विमापत्रात दंगल आणि दहशतवाद या दोन्हींचे संरक्षण अंतर्भूत आहे. वाहनांच्या सर्वसमावेशक विम्यातही ते असते. मात्र जमावाने जाळलेल्या दुचाकीचा फक्त थर्ड पार्टी विमा असेल, तर मालकाला त्यातून गाडीची भरपाई मिळत नाही.