अलीबागेंतील बेने इस्राएल व त्यांच्या सणांचीं मराठी नांवें

अष्टागरांतील अलीबाग म्हटलें कीं कुलाब्याचा जलदुर्ग व आंग्र्यांचें आरमार हींच अभ्यासकांपुढें उभीं राहतात. कान्होजी आंग्रे इ. स. १७२९ त वारले, त्यांची समाधि शहरांतच आहे. १८४० त संस्थान खालसा झालें. हा भाग कागदपत्रांनिशीं पुष्कळांनीं मांडिला असल्यामुळें आम्ही येथें त्याचा विस्तार करीत नाहीं. आम्हांस पाहावयाचें आहे तें याच शहरांतील इस्राएल आळीकडे.

बेने इस्राएलांची परंपरा अशी कीं, त्यांचे पूर्वज गलबत फुटून नवगांवच्या किनाऱ्यास लागले व सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या वांचल्या. पुढें ते गांवोगांव घाणे चालवूं लागले, व शनिवारीं घाणा बंद ठेवीत म्हणून त्यांस 'शनवार तेली' म्हणत. नवगांवकर, किहीमकर, पेझारकर, चेऊलकर या आडनांवांवरून त्यांच्या वसतीचा नकाशाच काढतां येतो.

हे लोक केव्हां आले, हा वाद जुना आहे. त्यांच्या जुन्या सणांत हनुक्का नाहीं, सबब हनुक्का सुरू होण्यापूर्वीं, म्हणजे ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकाच्या पूर्वार्धांतच, त्यांनीं मायदेश सोडिला असावा, असें प्रतिपादन करण्यांत येतें. आम्हांस हें प्रमाण लंगडें वाटतें. ज्या समाजापाशीं हिब्रू ग्रंथच उरले नव्हते, आणि सुंता, शब्बाथ व 'शेमा' एवढ्यावरच ज्याचा धर्म टिकला, तो एखादा सण विसरलाच नसेल असें कशावरून?

सणांच्या नांवांतून मात्र पुष्कळ निघण्यासारखें आहे. वर्षारंभास 'नव्याचा सण', प्रायश्चित्ताच्या दिवसास 'दरफाळणीचा सण' म्हणजे दारें लावून घरांत बसण्याचा, पुरीमास 'होळीचा सण', आणि वल्हांडणास 'अनशी धाकाचा सण', म्हणजे आंबट रसाचें भांडें झांकून ठेवण्याचा. यांत हिब्रू शब्द एकही नाहीं. शेवटचें नांव विशेष मननीय आहे. मिसर देशांतून सुटकेची कथा विस्मृतींत गेली, तरी आंबविलेल्या पदार्थाचा निषेध घरांतील भांड्याच्या रूपानें टिकला, असें आमचें अनुमान आहे. उलट 'रमजान', 'नव्याचा रोजा' हीं नांवें मुसलमानी सहवासाचीं, म्हणून वरच्या थरांतलीं. एकाच यादींतील नांवें एकाच काळचीं समजणें ही चूक होय.

हिब्रू विद्येची ओळख पुन्हां दृढ झाल्यावर हीं नांवें मागें पडूं लागलीं. मुंबईस १७९६ त सामाजी हसाजी दिवेकर यांनीं सिनेगॉग बांधिलें. १८४६ त तेथेंच वल्हांडणाची हग्गादा मराठी भाषांतरासह शिळाप्रेसवर निघाली, व १८७४ त पुण्यास दुसरी. १८८० च्या सुमारास हरिदासी धर्तीवर मराठी कीर्तनेंही रचण्यांत येऊं लागलीं. हाईम सॅम्युएल किहीमकर यांचा इतिहास १८९७ त लिहून झाला, पण छापून निघाला तो १९३७ त, तेल अवीव येथें. चाळीस वर्षें तो हस्तलिखितच होता!

१९४८ नंतर बहुतेक घरें इस्राएल देशांत गेलीं. सामानाबरोबर कांहीं दप्तरें गेलीं, कांहीं रद्दींत पडलीं असल्यास नवल नाहीं. सबब अलीबाग, रेवदंडा, पेण व रोहें या भागांत फिरणाऱ्या संग्राहकांस आमची विनंति कीं, काजींच्या घराण्यांतील कागद, लग्नाच्या याद्या व कीर्तनांच्या वह्या आढळल्यास त्या मोडी असोत वा बालबोध, आधीं त्यांची नक्कल करून घ्यावी, आणि सणांचीं नांवें जशीं लिहिलीं असतील तशींच उतरावीं.