कृष्णाकाठची तंबाखू आणि शिरोळचा कर्करोग

शिरोळ तालुक्यातील कर्करोगाची चर्चा अलीकडे बहुतेक वेळा पंचगंगेच्या पाण्यापासून सुरू होते आणि उसाच्या फडातील फवारणीपाशी येऊन थांबते. कृष्णा, पंचगंगा, वारणा आणि दूधगंगा या नद्यांनी वेढलेल्या या सखल मुलखात इचलकरंजीकडून वाहत येणारे सांडपाणी, बेसुमार पाण्याने क्षारपड झालेल्या जमिनी आणि एका पिकामागून दुसऱ्या पिकावर पडणारी औषधे लोक रोज डोळ्यांनी पाहतात, त्यामुळे त्यांची शंका अनाठायी म्हणता येत नाही. मात्र नदी नासण्याच्या कितीतरी आधी या भागात एक कर्ककारक पदार्थ, म्हणजे पेशींच्या वाढीवरचे नियंत्रण सुटण्यास कारण ठरणारा पदार्थ, शेतात पिकत होता, पेठेत विकला जात होता आणि घरोघर खाल्ला जात होता. तंबाखूला उद्देशून कोणी ‘प्रदूषण’ हा शब्द वापरत नाही, आणि रोगाच्या स्थानिक इतिहासात तिची बाजू झाकली जाण्याचे निम्मे कारण तेच आहे.

तंबाखू पोर्तुगीजांबरोबर पश्चिम किनाऱ्यावर आली आणि तेथून दख्खनच्या सुलतानशाह्यांत पसरली. अकबराचा वकील असदबेग याने सतराव्या शतकाच्या अगदी आरंभी ती विजापूरहून आग्र्याच्या दरबारात नेली, तेव्हा दरबारातील हकिमाने या अपरिचित वस्तूला हरकत घेतल्याचे त्याने स्वतः लिहून ठेवले आहे. पुढे १६१७ मध्ये जहांगीराने तंबाखूवर बंदी घातली आणि ती कोणी फारशी मनावर घेतली नाही. शिरोळचा परिसर तेव्हा विजापूरच्या आदिलशाहीच्याच अमलाखाली होता, म्हणजे दिल्ली-आग्र्याला जी वस्तू नवलाईची होती ती कृष्णाकाठाला आधीच जवळची होती.

या सवयीचे मोठ्या व्यापारात रूपांतर झाले ते रेल्वे आणि विडी यांमुळे. कोल्हापूर-मिरज लोहमार्ग १८९१ मध्ये सुरू झाला आणि त्याच मार्गावर राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये आपल्या वडिलांच्या नावाने जयसिंगपूर ही पेठ वसवली. निपाणी, सांगली आणि जयसिंगपूर या बाजारपेठांच्या आधाराने विडीच्या तंबाखूचा एक पट्टाच तयार झाला. काळ्या, कोरडवाहू रानात पावसाळ्यात रोपे लावायची, झाड वाढू लागले की शेंडा खुडायचा, बगलेतून येणारे फुटवे पुन्हा पुन्हा काढायचे, जेणेकरून सगळा जोम पानांत उतरून ती जाड आणि कडक होतील, आणि मग कापलेला माल उन्हात वाळवून वखारीत ढिगाला लावायचा, असा हा क्रम होता. कडकपणा म्हणजे निकोटीन, आणि भाव कडकपणाला मिळे. वाळवताना आणि ढिगात मुरताना पानातील अल्कलॉइडांपासून नायट्रोसअमाइन नावाची संयुगे बनतात, ज्यांतील दोन प्रमुख संयुगे माणसात कर्करोग घडवणारी म्हणून आज ओळखली जातात. पेठेत ज्या प्रक्रियेमुळे मालाला चव आणि किंमत येई, त्याच प्रक्रियेत हे विषही तयार होत असे. निपाणीच्या शेतकऱ्यांनी १९८१ मध्ये शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली पुणे-बंगळूर महामार्ग रोखून धरला आणि ६ एप्रिलला झालेल्या गोळीबारात शेतकरी मारले गेले, तो लढाही तंबाखूच्या भावासाठी होता. त्या काळी हे पीक कोरडवाहू शेतकऱ्याच्या हाती रोख पैसा देणारे होते, ही गोष्ट विसरून या व्यापाराकडे केवळ व्यसनाचा पुरवठा म्हणून पाहणे अन्यायाचे होईल.

पुरुष तंबाखू चुन्याबरोबर खात. डाव्या तळहातावर चिमूट घेऊन, चुन्याचे बोट लावून, अंगठ्याने मळून, वर दोन थापा देऊन केलेला बार खालच्या ओठाआड ठेवला जाई आणि तो तासन्‌तास एकाच जागी राही. चुन्याच्या अल्कधर्मी गुणामुळे निकोटीन मोकळे होऊन लवकर रक्तात उतरते, आणि तोंडाच्या अस्तराचा दाहही होतो. बायकांच्या वाट्याला मिश्री आली. तव्यावर काळी होईपर्यंत भाजलेली तंबाखू हाताने चुरडून डबीत भरायची आणि सकाळी चुलीपुढे बसून बोटाने हिरड्यांवर घासायची, हा प्रकार दात घासण्याच्या नावाखाली चालत असल्याने त्याला व्यसन म्हणून कोणी हटकले नाही. सासूची डबी सुनेकडे सहज गेली. पुणे जिल्ह्यातील १,०१,७६१ ग्रामस्थांची तोंडे तपासून फली मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७२ मध्ये जो अहवाल प्रसिद्ध केला, त्यात मिश्रीची ही घरगुती सवय शास्त्रीय नोंदीत आली.

कारणाचा शोध मात्र त्याआधीच मुंबईत सुरू झाला होता. टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ मध्ये उघडले आणि तेथे विकृतिशास्त्रज्ञ वसंत रामजी खानोलकर यांनी रोगाचा संबंध जात किंवा प्रांत यांच्याशी जोडण्याऐवजी राहणीशी जोडून पाहण्याची पद्धत रुजवली. धोतर कमरेला वर्षानुवर्षे घट्ट आवळल्याने तेथील कातडीला होणाऱ्या कर्करोगाचा त्यांनी केलेला अभ्यास हा त्या पद्धतीचा नमुना होय. संघवी, राव आणि खानोलकर यांचा १९५५ चा निबंध ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला आणि त्यात तंबाखू खाणाऱ्यांना तोंडाच्या पोकळीचा, तर ओढणाऱ्यांना जिभेच्या मुळाचा व घशाच्या खालच्या भागाचा धोका अधिक असल्याचे दिसले. सिगारेट आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध इंग्लंडात डॉल आणि हिल यांनी १९५० मध्ये मांडला होता, म्हणजे या विषयात भारतीय संशोधन फार मागे नव्हते. निष्कर्ष गावापर्यंत पोचायला मात्र पिढ्या लागल्या.

दरम्यान उपसा सिंचनाचे पाणी आले, उसाने तंबाखूचे रान घेतले आणि साखर कारखान्यांनी तालुक्याचे अर्थकारण पालटले. पीक गेले, सवय राहिली. कीटकनाशके आली ती याच टप्प्यात, आणि त्यांचाही एक धागा तंबाखूशी जुळतो, कारण रासायनिक औषधांच्या आधी पिकावरील मावा या किडीवर तंबाखूचा काढाच फवारला जाई. मॅलॅथिऑन आणि ग्लायफोसेट या औषधांना आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये ‘बहुधा कर्ककारक’ या गटात ठेवले. चघळण्याची तंबाखू आणि सुपारी या दोन्ही मात्र ‘निश्चित कर्ककारक’ या पहिल्या गटात आहेत. हे गट पुराव्याचा भक्कमपणा सांगतात, धोक्याचे प्रमाण नव्हे, त्यामुळे फवारणी निर्दोष आहे असा अर्थ यातून काढता येत नाही. हातमोजे न घालता पंप पाठीला लावणाऱ्या मजुराचा प्रश्न खराच आहे. पण एखाद्या तालुक्यात रोग वाढला की नाही हे रुग्णालयातील गर्दीवरून ठरत नाही. त्यासाठी ठरावीक लोकसंख्येत दरवर्षी नव्याने निदान झालेल्या प्रत्येक रुग्णाची नोंद, म्हणजेच लोकसंख्याधारित नोंदणी, लागते. ग्रामीण भारतातील अशी पहिली नोंदणी १९८७ मध्ये सोलापूर जिल्ह्यातील बार्शीत सुरू झाली.

तंबाखूवरचे कायदे प्रामुख्याने पुडीच्या मागे लागले. गुटख्यावरची महाराष्ट्राची २००२ ची बंदी गोदावत पान मसाला खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये रद्द केली; पुढे अन्नसुरक्षेच्या नव्या नियमांच्या आधारे २०१२ मध्ये ती पुन्हा आली, आणि कर्नाटकाने २०१३ मध्ये तोच मार्ग धरेपर्यंत शिरोळच्या पलीकडच्या हद्दीत पुडी उघड मिळत राहिली. वेष्टनाचा ८५ टक्के भाग व्यापणारे इशाऱ्याचे चित्र २०१६ पासून सक्तीचे झाले. पेठेतून सुटे पान आणून घरी भाजलेल्या मिश्रीला मुळात वेष्टनच नसते. तिच्यासाठी उपाय उरतो तो प्राथमिक आरोग्य केंद्रात बाईला तोंड उघडायला लावून गालाच्या आतला पांढरा चट्टा वेळीच पाहण्याचा आणि डबी सोडवण्याचा. नुसत्या समजावणीने सवयी सुटतात व असे चट्टे कमी होतात, हे ३६ हजारांवर ग्रामस्थांच्या अभ्यासातून १९८६ मध्येच ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले होते.