पंतोजी, इयत्ता आणि पडदा

आजचा भाग गुरुग्रामचा.

सरकारी कागदावर हे नाव 2016 साली आलं. त्याआधी ते गुडगाव होतं, आणि तिथले जुने लोक आजही तेच म्हणतात. हे गाव द्रोणाचार्यांना गुरुदक्षिणेत मिळालं, अशी आख्यायिका आहे. त्याच शहरातल्या खांडसा भागात एकलव्याचं देऊळही आहे. म्हणजे शिकवणारा गुरू आणि गुरूशिवाय शिकलेला शिष्य, दोघांच्याही खुणा एका महापालिकेच्या हद्दीत. आणि भारतातल्या शाळांच्या वर्गावर्गात पडदा बसवणारा एक मोठा खाजगी उद्योगही याच शहरातून चालला.

'मास्तर बरा की कॉम्प्युटर बरा?' हा वाद आपल्याकडे दर काही वर्षांनी होतो. एक बाजू म्हणते, परंपरागत वर्गाला तोड नाही. दुसरी म्हणते, खडू-फळ्याचे दिवस संपले. माझी अडचण 'परंपरागत' या शब्दाशी आहे. कुठली परंपरा? कारण आज आपण जो वर्ग जुना म्हणतो, म्हणजे एका वयाची पन्नास मुलं, एक पुस्तक, एक फळा आणि सगळे एकाच धड्यावर, तो आपल्याकडे फार जुना नाही.

त्याआधी होती पंतोजींची शाळा. कुणाच्या ओसरीवर, कुठे देवळात. पंधरा-वीस मुलं जमिनीवर बसलेली. त्यातलं एक धुळपाटीवर अक्षर गिरवतंय, दुसरं पावकी-निमकी घोकतंय, तिसरं मोडीत पत्र लिहायला शिकतंय. इयत्ता नावाची भानगड नव्हती. एक पाढा आला की पुढचा, नाही आला तर तोच. मोठी मुलं लहानांना शिकवायची, आणि दिवस मावळला की सगळ्यांनी मिळून परवचा म्हणायचा.

या शाळेचं गोडवं गाण्याचा माझा अजिबात विचार नाही. छडी होती, त्याहून क्रूर शिक्षा होत्या, अर्थ न कळता केलेली घोकंपट्टी होती. आणि मुख्य म्हणजे मुली आणि दलित मुलं त्या ओसरीवर जवळजवळ नव्हतीच. 1848 साली पुण्यात भिडेवाड्यात जोतिराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली ती या बंद दारामुळेच. तरीही एक गोष्ट त्या शाळेत होती: प्रत्येक मूल आपापल्या जागेवरून पुढे जायचं.

ही गोष्ट बाहेरच्यांच्याही नजरेत भरली. अँड्र्यू बेल नावाचे पाद्री 1789 साली मद्रासच्या अनाथ मुलांच्या शाळेचं काम पाहायला लागले. इथली मुलं वाळूत बोटाने अक्षरं काढतात, हे त्यांनी पाहिलं आणि आपल्या शाळेत आणलं. मोठ्या मुलांकरवी लहानांना शिकवण्याची पद्धत त्यांनी बसवली, 1797 साली त्यावर पुस्तक छापलं, आणि इंग्लंडमध्ये ती 'मद्रास पद्धत' म्हणून गाजली.

नंतर वारं फिरलं. 1854 साली वुडचा खलिता आला, 1855 साली मुंबई इलाख्यात सरकारी शिक्षण खातं उभं राहिलं. नेमलेली पुस्तकं, इन्स्पेक्टर, परीक्षा, इयत्ता. हे वाईट झालं असं कोण म्हणेल? शाळा त्यामुळेच गावोगाव पोचली. पण मुलाने इयत्तेच्या वेगाने चालायचं, इयत्तेने मुलाच्या वेगाने नव्हे, हेही तेव्हाच ठरून गेलं.

आता संगणकाकडे येऊ. 1984 साली केंद्र सरकारने सुमारे अडीचशे शाळांत ब्रिटिश बनावटीचे बीबीसी मायक्रो संगणक दिले. तो कार्यक्रम संगणकाची ओळख करून देण्यासाठी होता. संगणकाने गणित किंवा विज्ञान शिकवायचं, हा पुढचा टप्पा.

त्या टप्प्याचं एक मोठं नाव म्हणजे 1994 साली शंतनु प्रकाश यांनी काढलेली एज्युकॉम्प कंपनी. तिचं ठाणं गुडगावच्या उद्योग विहारात. तिचं 'स्मार्ट क्लास' तुमच्यापैकी अनेकांनी मुलांच्या शाळेच्या फीच्या पावतीत पाहिलं असेल. रचना अशी: शाळेत एक सर्व्हर, त्यात धड्याधड्याची ॲनिमेशन, वर्गावर्गात प्रोजेक्टर आणि पांढरा फळा. सुरुवातीचा खर्च कंपनीने करायचा, शाळेने दर मुलामागे दरमहा पैसे द्यायचे, करार अनेक वर्षांचा. 2006 साली कंपनी शेअर बाजारात आली आणि काही काळ बाजाराची लाडकी झाली. पण खर्च आधी आणि वसुली नंतर, हे गणित कर्जावर चालत होतं. शाळांकडून पैसे थकले, यंत्रं स्वस्त झाली, तेच सामान विकणारे दहा जण उभे राहिले. 2017 साली कंपनी दिवाळखोरीच्या कार्यवाहीत गेली.

धंदा का बुडाला, हा आपला विषय नाही. वर्गात काय बदललं, हा आहे. हृदयाचे ठोके पडद्यावर दिसायला लागले, ही चांगलीच गोष्ट. पण तो पडदा पन्नास जणांना एकच धडा एकाच वेगाने दाखवत होता. भागाकार न येणाऱ्या मुलापुढे बीजगणित आता रंगीत होऊन नाचायचं, इतकंच. खात्याने आणलेली इयत्ता त्या पडद्याने मोडली नाही. उलट तिला वीज जोडली.

दुसरं टोक दिल्लीत कालकाजीला दिसलं. 26 जानेवारी 1999 रोजी एनआयआयटीच्या डॉ. सुगत मित्रा यांनी कंपनीच्या भिंतीला भोक पाडून झोपडपट्टीच्या बाजूला संगणक बसवला. ना मास्तर, ना इयत्ता. मुलं आपापसांत शिकून तो वापरायला लागली. हा खरा एकलव्याचा मार्ग, आणि जगाने तो डोक्यावर घेतला. 2013 साली मित्रांना दहा लाख डॉलरचा टेड पुरस्कार मिळाला. माझं मत विचाराल तर, मुलं कुतूहलाने माऊस चालवायला शिकतात हे त्या भिंतीने दाखवलं. अपूर्णांकाची बेरीजही तशीच येईल, हे दाखवलं नाही.

मग मोजून पाहिलेलं काय आहे? गुजरातेत, वडोदऱ्यात, 2000 साली सरकारने महापालिकेच्या शंभर शाळांना प्रत्येकी चार संगणक दिले. दोन वर्षांनी मूळ मुंबईच्या 'प्रथम' संस्थेने पाहणी केली, तेव्हा त्यातले फारच थोडे मुलांच्या हाती पडत होते. मग प्रथमने चौथीच्या मुलांना आठवड्याला दोन तास गणिताचे खेळ दिले. अभिजित बॅनर्जी, एस्थर दुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते मोजलं. दुसऱ्या वर्षी फरक 0.47 प्रमाण विचलन इतका आला. शंभरांच्या रांगेत मधोमध उभं असलेलं मूल सुमारे अठरा जणांना मागे टाकतं, एवढा. वर्षभराने मात्र त्यातला थोडाच टिकला.

त्याच संशोधकांपैकी ली लिंडेन यांनी गुजरातेतच 'ज्ञानशाला'च्या वर्गांत आणखी एक गोष्ट तपासली. संगणकाचा तास शाळेनंतर जादा दिला, तर मुलं पुढे गेली. तोच तास बाईंच्या तासातून कापून दिला, तर मुलं मागे पडली, आणि बरीच पडली. यंत्र तेच. प्रश्न एवढाच की त्याने कुणाची वेळ घेतली.

आता परत दिल्लीला. 2015-16 साली कार्तिक मुरलीधरन, अभिजित सिंग आणि अलेहांद्रो गानिमियान यांनी 619 मुलांवर एक चाचणी केली. शाळा सुटल्यावर चालणारी केंद्रं, 'माइंडस्पार्क' नावाची प्रणाली, आणि जागा कुणाला हे चिठ्ठ्या टाकून ठरलेलं. आधी मुलांची पातळी पाहिली. सहावीचं सरासरी मूल गणितात अडीच इयत्ता मागे होतं, नववीत हे अंतर साडेचार इयत्तांवर गेलं. म्हणजे नववीच्या बाकावर चौथी-पाचवीचं गणित बसलेलं. सगळ्यांत मागची मुलं नेहमीच्या शाळेत वर्षभरात जवळजवळ काहीच शिकत नव्हती.

संगणकाने काय केलं? मूल जिथे अडलं होतं, तिथला प्रश्न पुढे ठेवला. आला तर पुढचा, नाही आला तर आणखी सोपा. ऐकल्यासारखं वाटतंय ना? धुळपाटी गेली, पडदा आला, पण बसण्याची रीत पंतोजींच्या ओसरीवरची. साडेचार महिन्यांत, केंद्रात जागा मिळालेल्या मुलांचा फायदा गणितात 0.37 आणि हिंदीत 0.23 प्रमाण विचलन. पूर्वीच्या हिशेबाने चौदा आणि नऊ जणांना मागे टाकण्याइतका. पण दीड तासातली निम्मी वेळच पडद्यापुढे जायची. उरलेल्या वेळात बारा-पंधरा मुलांना एक शिक्षक शिकवायचे. यात पडद्याचा वाटा किती आणि शिक्षकाचा किती, हे त्या प्रयोगातून वेगळं काढता येत नाही.

आणखी एक निकाल फारसा सांगितला जात नाही. त्या मुलांच्या शाळेच्या परीक्षेत हिंदीचे गुण वाढले, गणिताचे वाढले नाहीत. कारण बहुधा असं: चौथीतून सहावीपर्यंत आलेल्या मुलापुढे शाळेने आठवीचीच प्रश्नपत्रिका ठेवली. मूल दोन इयत्ता चाललं आणि प्रगतिपुस्तकावर नापासच राहिलं.

मे 2022 मध्ये हरयाणा सरकारने दहावी ते बारावीच्या मुलांना सुमारे पाच लाख टॅब्लेट वाटायला सुरुवात केली, रोजच्या मोफत डेटासकट. त्यात मुलाच्या पातळीप्रमाणे प्रश्न देणारी प्रणाली होती. गुरुग्रामच्या सरकारी शाळांतली मुलंही त्यात आली. टॅब्लेट मुलाला त्याच्या जागेवरून शिकवायचा, आणि मार्चमध्ये बोर्डाचा पेपर सगळ्यांना एकच यायचा.