आल्प्सच्या घाटांतील सायकल-प्रवास

युरोपच्या मध्यभागीं पसरलेल्या आल्प्स पर्वताचा इतिहास बहुधा सैन्यांचा, व्यापाऱ्यांचा व गिर्यारोहकांचा इतिहास म्हणूनच सांगितला जातो. हॅनिबलचे हत्ती, नेपोलियनच्या तोफा, १८६५ सालचा मॅटरहॉर्नवरील विजय व त्यापाठोपाठ घडलेला भीषण अपघात, या कथा सर्वश्रुत आहेत. त्या मानानें आणखी एका प्रवाशाची आठवण क्वचितच कोणी काढतें. सायकलवर कपड्यांचें लहानसें गांठोडें बांधून स्वतःच्या पायांच्या बळावर हे घाट ओलांडणारा सामान्य मनुष्य तो हाच. कारकून, शिक्षक, कारागीर यांच्यासारख्यांना दोन-अडीच हजार मीटर उंचीचा घाट चढून जाणें शक्य झालें, तें अंगबळापेक्षां घरीं बसून आधीं केलेल्या हिशेबामुळें. हा हिशेब कसा जन्मास आला आणि त्यावरून केवढा वाद माजला, याची हकीकत ऐकण्यासारखी आहे.

प्रथम रस्त्यांचा विचार केला पाहिजे. अठराव्या शतकांत मों-सेनीच्या घाटाखालीं येतांच श्रीमंत प्रवाशाची गाडी सुटी करून तिचे भाग खेंचरांवर लादीत आणि स्वतः प्रवाशास खुर्चींत बसवून हमाल वर नेत. ही स्थिति पालटली ती तोफांमुळें. नेपोलियननें १८०० ते १८०५ या काळांत सिंप्लॉनचा रस्ता बांधवून घेतला, तो तोफखाना इटलींत सुखरूप उतरावा म्हणून. ऑस्ट्रियाच्या सत्तेनें १८२० ते १८२५ मध्यें कार्लो दोनेगानी या स्थापत्यविशारदाकडून स्टेल्व्हिओचा घाट खोदविला. त्याची उंची २,७५७ मीटर असून एका बाजूस अठ्ठेचाळीस वळणें आहेत. सन १८३० च्या सुमारास गॉटहार्डचा गाडीरस्ता पुरा झाला. आपल्याकडील बोरघाटांतून गाड्यांची वाट खुली झाली तीही त्याच सुमारास. या सर्व रस्त्यांचा चढ घोड्यांच्या शक्तीस अनुसरून ठरविलेला होता. शंभर मीटर पुढें जावें तेव्हां सात-आठ मीटर वर चढावें, असें साधारण प्रमाण. ओझ्याच्या घोड्यास जो चढ झेपतो तोच सायकलवरील मनुष्यासही जेमतेम झेपतो, हा योगायोग पुढें फार मोलाचा ठरला.

मों-सेनीजवळचा आगगाडीचा बोगदा १८७१ सालीं आणि गॉटहार्डचा १८८२ सालीं सुरू झाला. प्रवासी डोंगराच्या पोटांतून जाऊं लागले. घाटांतील टपालगाड्या थांबल्या, घोडे बदलण्याचीं ठाणीं व खाणावळी ओस पडल्या. नेमक्या याच वेळीं, १८८५ सालीं, इंग्लंडांत स्टार्लीची 'रोव्हर' ही दोन सारख्या चाकांची सायकल बाजारांत आली आणि १८८८ सालीं डनलॉपनें हवा भरलेली धांव काढली. ओस पडलेल्या रस्त्यांस नवा वाटसरू मिळाला.

परंतु हा वाटसरू आरंभीं मोठ्या संकटांत असे. त्या सायकलींचीं पायडलें मागच्या चाकाशीं कायमचीं जखडलेलीं असत. चाक फिरलें कीं पायडलेंही फिरावयाचींच. चढावर फार तर उतरून चालतां येई; खरें भय उताराचें. वेग आवरेनासा झाला म्हणजे पाय पायडलांवरून सुटत आणि ब्रेक तर अगदींच दुबळा. म्हणून पुष्कळ लोक घाटमाथ्यावर झाडाची मोठी फांदी तोडून ती दोरीनें सायकलमागें बांधीत व फरफटत नेत. धुळीचे लोट उठत, पण मान शाबूत राही. फिलाडेल्फिया येथें जन्मलेली व लंडनमध्यें राहणारी लेखिका एलिझाबेथ रॉबिन्स पेनेल हिनें आपल्या चित्रकार पतीसह याच युगांत आल्प्सचे अनेक घाट सायकलवरून ओलांडले. तिचें 'ओव्हर द आल्प्स ऑन अ बायसिकल' हें पुस्तक १८९८ सालीं प्रसिद्ध झालें व त्यांतील चित्रें पतीनें काढलीं. बाईमाणसाला हें जमलें, या गोष्टीचा त्या काळच्या समाजावर किती परिणाम झाला असेल तें सांगावयास नको.

एकट्यादुकट्याचें साहस निराळें आणि हजारोंनीं निर्धास्तपणें जावें असा मार्ग आंखणें निराळें. तें काम प्रवासी-संघांनीं केलें. इंग्लंडांतील संघ १८७८ सालचा, फ्रान्समधला १८९० चा, आणि मिलान येथें सत्तावन्न सायकलस्वारांनीं स्थापन केलेला इटलीचा संघ १८९४ चा. या मंडळींनीं घातक उतारांच्या माथ्यावर धोक्याच्या पाट्या लावल्या, खाणावळींशीं दर ठरविले, सरहद्दीवरील जकातीच्या कटकटींतून सभासदांची सुटका करविली. त्यांचें सर्वांत उपयुक्त कार्य म्हणजे रस्त्याचें उभें चित्र. सपाट नकाशा अंतर सांगतो, चढ सांगत नाहीं. रस्ता जणूं करवतीनें उभा कापून त्याची बाजू दाखवावी, तशीं हीं चित्रें असत.

त्यांची किंमत एका उदाहरणानें कळेल. फ्रेंच आल्प्समधील गालिबियेचा घाट घ्या. उत्तरेकडून जाणारा प्रवासी सँ-मिशेल या सुमारें ७१० मीटर उंचीवरील गांवाहून निघतो. जुन्या रस्त्याचा माथा म्हणजे १८९१ सालीं उघडलेला, २,५५६ मीटर उंचीवरचा बोगदा. महाराष्ट्राचें सर्वोच्च शिखर कळसूबाई १,६४६ मीटर. हा बोगदा त्याहून नऊशें मीटर वर. वजाबाकी केली तर चढ सुमारें १,८५० मीटर भरतो. पण ही वजाबाकी फसवी आहे. वाटेंत आधीं तेलेग्राफची खिंड लागते. विजेच्या तारा नव्हत्या तेव्हां शॅपच्या पद्धतीनें खुणांचे निरोप धाडणारा मनोरा तेथें होता, म्हणून हें नांव. ती १,५६६ मीटरांवर. आणि तिच्यापलीकडे रस्ता पांच किलोमीटर खालीं उतरून व्हाल्वार गांवीं जातो. कष्टानें मिळविलेले दीडएकशें मीटर तेथें गमवावे लागतात आणि पुन्हां चढावे लागतात. हें आधीं ठाऊक असलेला मनुष्य व्हाल्वारला जेवून, विसावा घेऊन पुढें निघतो. नसलेला तेथेंच धीर सोडतो.

उंचीबरोबर हवेचाही हिशेब येतो. दर हजार मीटरांस उष्णमान सहा-साडेसहा अंशांनीं उतरतें. अडीच हजार मीटरांवर हवेचा दाब समुद्रकांठच्या तीन-चतुर्थांशच उरतो, म्हणून दम लवकर लागतो. मोठे घाट बर्फामुळें साधारणतः जून ते ऑक्टोबर एवढेच खुले असतात आणि त्याही दिवसांत दुपारनंतर गडगडाटी वादळें उठतात. तेव्हां पहांटे निघून दुपारच्या आंत माथा गांठावा, हा जाणत्यांचा नियम. घामानें भिजलेला मनुष्य उताराला लागला कीं गारठून जातो. त्यावर फ्रेंच सायकलस्वारांनीं काढलेला उपाय म्हणजे सदऱ्याच्या आंत छातीवर वर्तमानपत्राची घडी! वर्तमानपत्राचा इतका उबदार उपयोग क्वचितच झाला असेल.

आतां वादाकडे वळूं. सेंत-एतियेन या गांवीं पॉल द व्हिव्ही नांवाचा एक रेशमाचा व्यापारी होता. सायकलच्या नादानें त्यानें तो धंदा सोडला, १८८७ सालीं सायकलवरचें एक नियतकालिक काढलें आणि 'व्हेलोसियो' या टोपणनांवानें लिहूं लागला. तो शाकाहारी होता. तहान लागण्यापूर्वीं प्यावें, भूक लागण्यापूर्वीं खावें आणि थकण्यापूर्वीं थांबावें, अशी त्याची शिकवण असे. त्याचें म्हणणें साधें होतें. पायडलाच्या एका फेऱ्यांत सायकल पांच-सहा मीटर पुढें जात असेल तर सपाटीवर उत्तम. पण घाटांत तेंच प्रमाण गुडघे मोडणारें. तेथें अडीच-तीन मीटर पुरेत. म्हणून साखळी लहान-मोठ्या दांतेरी चाकांवर बदलतां आली पाहिजे.

आज ही गोष्ट शेंबड्या पोरासही पटेल. त्या काळीं ती दुबळेपणाची कबुली समजली गेली. फ्रेंच प्रवासी-संघानें १९०२ सालीं पिरेनीज पर्वतांतील तूर्मालेच्या घाटावर सायकलींची कसोटी घेतली. तींत मार्थ हेस ही महिला तीन वेगांच्या सायकलीवर सहभागी झाली. तें पाहूनही आंरी देग्रांज या संपादकाचें मत असेंच राहिलें कीं, असलीं साधनें पंचेचाळिशी उलटलेल्यांनीं वापरावीं. याच देग्रांजनें पुढल्या वर्षीं 'तूर द फ्रान्स' ही शर्यत सुरू केली. ती १९१० सालीं तूर्मालेवर व १९११ सालीं गालिबियेवर नेली. गालिबियेवर एमिल जॉर्जे प्रथम पोंचला. वेग बदलावयाचा तर शर्यतवाल्यानें खालीं उतरून चाक उलटें बसवावें, असा तो काळ. शर्यतींत वेग बदलणाऱ्या यंत्रास परवानगी मिळाली ती १९३७ सालीं, म्हणजे व्हेलोसियो ट्रामच्या धक्क्यानें मरण पावल्याला सात वर्षें झाल्यावर.

देग्रांजची बाजू अगदींच पोकळ नव्हती. शर्यतींत कष्ट हाच तमाशा असतो आणि त्यावरच वर्तमानपत्र खपतें. परंतु त्याचा दंडक प्रवासालाही लावला गेला असता, तर आल्प्सचे घाट मूठभर पहिलवानांचेच राहिले असते. फ्रान्समध्यें १९३६ सालीं कामगारांना वर्षाकांठीं दोन आठवड्यांची भरपगारी रजा कायद्यानें मिळाली. कारखान्यांतलीं तरुण जोडपीं जोडसायकलींवर तंबू बांधून डोंगराकडे व समुद्राकडे निघालीं. त्यांच्यापाशीं मोटार नव्हती कीं हॉटेलास पैसा नव्हता. रजेचे मोजके दिवस होते आणि ते वांयां जाऊन परवडणारें नव्हतें. ज्यांनीं डोंगराची वाट धरली त्यांना व्हेलोसियोचीं दांतेरी चाकें आणि संघांचीं उभीं चित्रें किती कामीं आलीं असतील, याची कल्पना सहज करतां येते. पुढल्याच वर्षीं इझेरांचा २,७६० मीटरांहून उंच घाटरस्ता खुला झाला.

स्वित्झर्लंडच्या ग्राउबुंडेन प्रांताचीही गंमत सांगण्यासारखी आहे. तेथील डोंगरी लोकांनीं १९०० सालीं मोटारींना बंदी केली ती १९२५ पर्यंत उठविली नाहीं. तोंवर त्या घाटांत सायकलवाल्यास धूळ उडविणारा व कर्णा फुंकणारा कोणी सोबती भेटत नसे.

गालिबियेवर जाऊं इच्छिणाऱ्यानें मात्र जुन्या मार्गदर्शिकेवर विसंबूं नये. तो बोगदा १९७६ सालीं धोकादायक म्हणून बंद झाला आणि रस्ता त्याच्या डोक्यावरून नेण्यांत आला. सन २००२ मध्यें तो पुन्हां उघडला, पण मोटारींपुरताच; सायकलस्वारास २,६४२ मीटरांच्या खऱ्या माथ्यावरूनच जावें लागतें. जुन्या चित्रांत न दाखविलेले हे शेवटले शेंभर-एक मीटर साऱ्या घाटांत अधिक खडे आहेत.