सात दिवस, सात टप्पे : मराठी मूल वाचू लागले त्याची गोष्ट (थ्रेड)

१/ बालदिन आणि राष्ट्रीय ग्रंथालय सप्ताह दोन्ही १४ नोव्हेंबरलाच सुरू होतात. हे निमित्त साधून वारज्यातल्या खोलीवर आठवडाभर केवळ बाल-कुमार साहित्य आणि त्याचा इतिहास वाचायचा, असे ठरवले. रोज एक टप्पा. वाचताना प्रश्न एकच होता : ज्याच्यासाठी ही पुस्तके लिहिली गेली, ते ‘मूल’ नेमके कोण होते?

२/ आधी पार्श्वभूमी. पंतोजींच्या शाळेत धुळपाटी होती, मोडीचे कित्ते होते, उजळणी आणि पाठांतर होते. गोष्टी होत्या त्या आजीच्या तोंडी आणि कीर्तनात. मुलाच्या हाती द्यायचे, त्याने स्वतः वाचायचे छापील पुस्तक ही कल्पनाच आपल्याकडे नवी होती.

३/ दिवस पहिला : तंजावर. मराठीतल्या मुलांसाठीच्या छापील पुस्तकांचा आरंभ पुण्या-मुंबईत नव्हे, तमिळ मुलखात होतो. तंजावरचे सरफोजी राजे (दुसरे) यांच्या छापखान्यातून एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ‘बालबोधमुक्तावली’ बाहेर पडली. हे इसापच्या कथांचे मराठी भाषांतर होते. पेशवाई अजून उभी असताना मराठी भाषेतली ही छपाई कावेरीकाठी चालली होती.

४/ दिवस दुसरा : मुंबई, १८२८. शालेय पुस्तके तयार करणाऱ्या सोसायटीत काम करणाऱ्या सदाशिव काशीनाथ ऊर्फ बापू छत्रे यांनी ‘बाळमित्र’ आणि ‘इसापनीतिकथा’ ही पुस्तके दिली. ‘बाळमित्र’चा प्रवास पाहण्याजोगा आहे : मूळ बेर्कँ या लेखकाचे फ्रेंच पुस्तक, त्याचे इंग्रजी रूप आणि त्यावरून छत्र्यांचे मराठी.

५/ येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. फ्रेंच राज्यक्रांतीच्या थोडे आधी पॅरिसमधल्या सुखवस्तू घरांतील मुलांसाठी रचलेल्या गोष्टी चार दशकांनी मराठी शाळकरी मुलाला वळण लावू लागल्या. आपले पहिले ‘चांगले मूल’ हे असे भाषांतरित मूल होते. आज्ञाधारक, सत्यवचनी आणि आपली चूक कळताच पश्चात्ताप करणारे!

६/ दिवस तिसरा : पुणे, १८५५. आज ‘बालसाहित्या’च्या यादीत बहुधा न सापडणारा, पण माझ्या मते या इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा मजकूर. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मुलीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध ‘ज्ञानोदय’ पत्रात दोन भागांत छापून आला.

७/ वेदांचा अधिकार आम्हाला नसेल, तर आमचा धर्म कोणता, हा प्रश्न ती थेट विचारते. इमारतींच्या पायात माणसे पुरली गेल्याचे सांगते. डोक्यावर छप्पर नसलेल्या बाळंतिणींचे हाल सांगते. मोठी माणसे मुलांसाठी बोधकथा भाषांतरित करत होती, त्याच काळात एक शाळकरी मुलगी मोठ्यांना बोध करत होती.

८/ म्हणजे मराठीत मूल ‘वाचक’ म्हणून जेमतेम घडत असतानाच मूल ‘लेखक’ म्हणूनही उभे राहिले होते. हा धागा पुढे का तुटला? कारण पुढच्या शंभर वर्षांचे बालसाहित्य प्रामुख्याने ज्या घरांत लिहिले आणि वाचले गेले, त्या घरांत मुक्ताला प्रवेशच नव्हता.

९/ दिवस चौथा : मासिकांचा काळ. १८७३ मध्ये अमेरिकन मिशनऱ्यांचे ‘बालबोधमेवा’ आले. १८८१ मध्ये विनायक कोंडदेव ओक यांनी ‘बालबोध’ काढले आणि १९१४ मध्ये निधन होईपर्यंत, तेहेतीसहून अधिक वर्षे, नेटाने चालवले. चरित्र, कविता, निबंध आणि शास्त्रीय माहिती असा त्याचा ऐवज असे. मुलाला दर महिन्याला वाट पाहायला लावणारी ही पहिली मोठी मराठी परंपरा.

१०/ मात्र ‘बालबोध’च्याच काळात, १८९१ मध्ये, संमतिवयाच्या कायद्याने मुलीचे संमतिवय दहावरून बारा वर्षांवर नेले, आणि तेवढ्यावरून महाराष्ट्रात मोठे वादळ उठले. दहा-बारा वर्षांची मुलगी ‘बाल’ की ‘सौभाग्यवती’, यावरच समाजाचे एकमत नव्हते. मग बालमासिकाचा ‘बाल’ बहुतेक वेळा मुलगाच असावा, यात नवल कसले?

११/ याचा पुरावा वारज्याच्या शेजारीच आहे. आज कर्वेनगर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या हिंगण्याच्या माळावर धोंडो केशव कर्वे यांनी १९०० मध्ये झोपडी बांधून आपली संस्था हलवली. जागा गणेश गोविंद गोखले यांनी दिलेली. संस्थेची स्थापना १८९६ ची आणि मूळ नाव ‘अनाथ बालिकाश्रम’. जिला जगाने ‘विधवा’ म्हटले, तिला ‘बालिका’ म्हणणे, ही त्या नावातली मोठी गोष्ट आहे. पाटी-पुस्तक तिच्या हाती आले ते त्यानंतर.

१२/ दिवस पाचवा : ‘आनंद’, १९०६. वासुदेव गोविंद आपटे यांनी पुण्यात हे मासिक सुरू केले. नावातला बदल पाहा. ‘बालबोध’मध्ये बोध आहे, ‘आनंद’मध्ये केवळ आनंद. संपादक मात्र गंभीर अभ्यासक. ‘मराठी शब्दरत्नाकर’ हा कोश करणारे हेच आपटे. कोशकाराला मुलांसाठी लिहिणे कमीपणाचे वाटले नाही, हे आजच्या विद्वानांनीही लक्षात ठेवावे.

१३/ दिवस सहावा : नाशिकचा तुरुंग, १९३३. ‘श्यामची आई’ हे पुस्तक आपण ‘संस्कारांचे पुस्तक’ म्हणून वाचतो आणि त्याचा जन्म विसरतो. अमळनेरच्या शाळेतील नोकरी सोडून कायदेभंगात उतरलेल्या साने गुरुजींनी ते कैदेत लिहिले. ९ फेब्रुवारीला आरंभ, १३ फेब्रुवारीच्या पहाटे समाप्ती. आठवडाही लागला नाही. पुस्तक म्हणून ते १९३५ मध्ये आले.

१४/ त्यातली आई रडवते, हे खरे. पण तीच आई पडलेली मोळी उचलून द्यायला श्यामला एका अस्पृश्य म्हातारीकडे पाठवते. गाव काय म्हणेल, याची पर्वा करत नाही. १९४७ च्या मे महिन्यात विठ्ठलमंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून पंढरपुरात प्राणांतिक उपोषणाला बसलेले गुरुजी आणि ही आई यांच्यात सरळ नाते आहे. पुस्तकातले अश्रू आपण सांभाळून ठेवले आणि त्यातले बंड मागे पडले.

१५/ दिवस सातवा : फुरसुंगीचा मुलगा. ना. धों. ताम्हनकरांच्या ‘गोट्या’ने आणि ‘चिंगी’ने मराठी मुलांना घरातले सवंगडी दिले. भा. रा. भागवतांच्या बनेश फेणेने त्यांना घराबाहेर काढले. ज्यूल व्हर्न मराठीत आणणाऱ्या भागवतांचा हा नायक फुरसुंगीहून पुण्यातल्या विद्याभवनात शिकायला येतो. सायकल दामटतो, संकटात उडी घेतो आणि ‘ट्टॉक’ करतो. त्याच्यासाठी तात्पर्य नाही, तपास आहे!

१६/ तेव्हाची फुरसुंगी पुण्याच्या पूर्वेला शहराबाहेरचे गाव होती, तसेच वारजेही पश्चिमेला गावच होते. वारजे पालिकेत आले ते १९९७ मध्ये. शहरातल्या मुलांचा लाडका नायक शहराच्या वेशीबाहेरचा आहे, ही भागवतांची निवड मला फार मोलाची वाटते. मराठी बालसाहित्याचा भूगोल त्याने थोडा तरी रुंदावला.

१७/ पुढे नोव्हेंबर १९७१ मध्ये ‘बालभारती’ने ‘किशोर’ सुरू केले. शासनाच्या पाठबळामुळे ते गावोगावच्या शाळांत जाऊ शकले. ‘बाल’ आणि ‘प्रौढ’ यांच्यामधले वय मराठीत ठळकपणे मासिकाचे नाव झाले ते येथे. त्याचे जुने अंक आज संकेतस्थळावर मोफत वाचता येतात. इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी ही खाण अवश्य उपसावी.

१८/ आता मूळ प्रश्नाकडे. मुक्ता साळवेचे वारसदार कुठे गेले? ते बालविभागात सापडत नाहीत, आत्मकथनांत सापडतात. दया पवारांचे ‘बलुतं’ (१९७८), प्र. ई. सोनकांबळे यांचे ‘आठवणींचे पक्षी’ (१९७९), लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ (१९८७). ही पुस्तके मुलांसाठी लिहिलेली नाहीत, पण मराठीतले सर्वांत दाहक बालपण त्यांत आहे. भुकेचे, शाळेचे, अपमानाचे.

१९/ म्हणूनच ‘मराठीत कुमारसाहित्य कमी आहे’ हे विधान मला अर्धेच पटते. पुस्तके आहेत, पण काही बालपणे आपण ‘बाल’ म्हणून नोंदवलीच नाहीत. त्यांना ‘दलित साहित्य’ हे नाव देऊन वरच्या फळीवर ठेवले आणि पंधरा वर्षांच्या वाचकाचा हात तिथे पोहोचू दिला नाही.

२०/ एखाद्या काळाने मुलांसाठी काय छापले, यावरून त्या काळाला कसली मुले हवी होती, ते कळते. मुले प्रत्यक्षात कशी जगत होती, हे कळण्यासाठी मात्र फळी बदलावी लागते. आपल्या शाळेच्या ग्रंथालयात पुढच्या वेळी जाल, तेव्हा ‘बालविभाग’ अशी पाटी असलेल्या कपाटात काय आहे आणि काय नाही, दोन्ही टिपून ठेवा.

२१/ वयाच्या बाराव्या ते सोळाव्या वर्षी तुम्ही वाचलेले आणि कुणीही ‘मुलांचे’ न मानलेले पुस्तक कोणते? खाली लिहा. त्या उत्तरांतून पुढच्या थ्रेडसाठी एक यादी करू.