अजिंक्यताऱ्याचे क्षितिज आणि डेर्श यांची माघार

अजिंक्यताऱ्यावर उभे राहून मान फिरवली की यवतेश्वर, सज्जनगड आणि पायथ्याचे सातारा शहर दिसते. एका छायाचित्रात ते मावत नाही. अनेक चित्रे जोडावी लागतात, आणि अडचण तिथेच सुरू होते. सांगलीचा १९२९ चा आयर्विन पूल जवळून टिपून दंडगोलाकार पटावर मांडला, तर धनुष्यासारखा वाकतो; सरळ ठेवला, तर चित्राच्या कडा ताणल्या जातात.

हे गणित सर्वांच्या हाती दिले जर्मनीतील फुर्टवांगेनचे प्राध्यापक हेल्मुट डेर्श यांनी. १९९८ मध्ये त्यांनी ‘पॅनोरमा टूल्स’ विनामूल्य खुले केले. जोडणी, दुरुस्ती, दर्शन, सारे त्यात होते. आयपिक्स या अमेरिकी कंपनीने पेटंटभंगाचा दावा करून कायद्याचा धाक घातला. एकट्या प्राध्यापकाने न्यायालयात किती काळ झुंजावे? २००१ मध्ये डेर्श थांबले.

त्यांचा सोर्स कोड मात्र मुक्त परवान्याखाली होता; तो कोणाला परत घेता येईना. स्वयंसेवकांनी तो पुढे नेला आणि त्यावरच ‘ह्युगिन’ उभे राहिले. आयपिक्स २००६ मध्ये दिवाळखोरीत गेली. ह्युगिनमध्ये आजही बुरुजाचा तोच कोपरा दोन चित्रांत खुणावला जातो, आणि अशा अनेक खुणांवरून भिंगाचा बाक मोजला जातो.