दौलत

दौलत म्हटले की आज पैसाअडका, जमीनजुमला डोळ्यांपुढे येतो. शब्दाचे मूळ मात्र अरबी. ‘द-व-ल’ हा त्याचा धातू, अर्थ फिरणे, पालटणे. ‘दौला’ म्हणजे पाळी, फेरा. युद्धात कधी या पक्षाची सरशी, कधी त्या पक्षाची. तो पालट म्हणजे दौला.

या शब्दाला राजकीय वजन आले ते अब्बासी घराण्यामुळे. तेव्हा राज्य करणाऱ्या उमय्या घराण्याविरुद्ध ७४७ साली खुरासानात अब्बासींच्या बाजूने अबू मुस्लिमने काळे झेंडे उभारले. ७५० मध्ये झाब नदीकाठी खलिफा दुसरा मरवान हरला आणि सत्ता पालटली. विजेते आपल्या राजवटीला ‘दौला’ म्हणू लागले: आता पाळी आमची! पण हे घराणे टिकले, ७६२ मध्ये त्यातल्या खलिफा मन्सूरने बगदाद वसवले, आणि ‘पाळी’चा अर्थ सावकाश ‘राजवंश’, मग ‘राज्य’ असा घट्ट झाला. पालट सांगणाऱ्या शब्दाने स्थैर्याचा अर्थ घ्यावा, हा भाषेच्या इतिहासातला मला फार मोलाचा वाटणारा प्रवास आहे. ९४५ मध्ये बगदाद घेणाऱ्या बुवैही घराण्यातल्या सरदाराला खलिफाने ‘मुइझ्झुद्दौला’, म्हणजे राज्याला बळ देणारा, ही पदवी दिली. प्रत्यक्षात खलिफाच त्याच्या मुठीत होता.

अरबीतून फारसीत गेलेला हा शब्द तिथून दख्खनेत आला. दिल्लीचा सुलतान मुहंमद तुघलकाने देवगिरीचे दौलताबाद केले. जुन्या मराठी कागदपत्रांत ‘दौलत’ म्हणजे राज्यच. ‘दौलतीचा बंदोबस्त’ म्हणजे राज्याचा कारभार. धनसंपत्तीचा अर्थही फारसीतूनच आला आणि मराठीत तोच उरला. अरबीत मात्र ‘दौला’ म्हणजे आजही राज्यसंस्था.